लाल दिवा काय सांगतो?

डोंबिवलीत आमच्या शेजारी राहणाऱ्या काकांची शाळेच्या मुलांना नेणारी व्हॅन होती. एकदा शीळफाट्याला वळण घेताना चालकासमोरच्या फलकावरचा, तेलाच्या झारीचे चित्र असलेला लाल दिवा क्षणभर लुकलुकला. वळण संपताच तो विझला. काकांना वाटले, एखादी तार सैल झाली असेल. पुढचे दोन दिवस असेच झाले. तिसऱ्या दिवशी कल्याणहून परतताना दिवा पेटला तो पेटलाच. "घर काही फार लांब नाही," असे म्हणून काकांनी गाडी तशीच दामटली. पत्री पूल ओलांडल्यावर थोड्याच अंतरावर इंजिन खडखडले आणि बंद पडले. नशिबाने त्या वेळी गाडीत मुले नव्हती. पण इंजिन जाम झाले होते. महिनाभर काम बुडाले आणि दुरुस्तीसाठी कर्ज काढावे लागले, ते वेगळेच.

मुलांनो, दिवा वळणावरच का बरे लुकलुकला असेल?

इंजिनातला क्रँकशाफ्ट नावाचा दांडा मिनिटाला दोन-तीन हजार फेरे सहज घेतो. तो ज्या बेअरिंगांमध्ये फिरतो, त्यांना त्याचा प्रत्यक्ष स्पर्श होतच नाही. दोहोंच्या मध्ये केसाहूनही कितीतरी पातळ असा तेलाचा थर असतो आणि दांडा त्या थरावर जणू तरंगत असतो. हे तेल इंजिनाच्या तळाच्या परातीत साठते. मेकॅनिक तिला चेंबर म्हणतात. तेथून एक पंप ते दाबाने वर चढवतो. हा दाब नाहीसा झाला की थर तुटतो, धातूवर धातू घासतो आणि घर्षणाच्या उष्णतेने दोन्ही एकमेकांना चिकटतात.

लाल दिव्याची रचना अगदी साधी आहे. तेलाच्या वाटेवर एक बटण बसवलेले असते. त्यात एक लवचीक पडदा व स्प्रिंग असते. दाब नसताना स्प्रिंगमुळे विजेची जोडणी पूर्ण होते आणि दिवा लागतो. दाब आला की पडदा सरकतो, जोडणी तुटते, दिवा विझतो. म्हणून किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी, हा दिवा लागलाच पाहिजे. तेव्हा तो लागला नाही, तर दिव्यात किंवा त्याच्या जोडणीतच बिघाड आहे असे समजावे!

आता पाण्याची अर्धी बादली हातात घेऊन गर्रकन वळून पाहा. पाणी एका बाजूला चढते. चेंबरमध्ये तेल कमी असेल, तर वळणावर तेही असेच एका बाजूला जाते. पंपाच्या नळीचे तोंड उघडे पडते, पंप हवा ओढतो आणि दाब घसरतो. काकांच्या गाडीत हेच घडत होते. लक्षात घ्या, हा दिवा तेल किती आहे ते सांगत नाही; तो फक्त दाब सांगतो. सरळ रस्त्यावर तेल बरेच कमी झाले, तरी नळीचे तोंड बुडालेले असेपर्यंत तो गप्प राहतो. तो पेटला की गाडी सुरक्षित जागी थांबवून इंजिन लगेच बंद करणे, एवढेच आपल्या हाती असते.

तेल किती आहे ते पाहायला बहुतेक गाड्यांत एक पट्टी असते. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे थांबावे. पट्टी काढून फडक्याने पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालून बाहेर काढावी. तेल दोन खुणांच्या मध्ये हवे. वरच्या खुणेच्या पुढे ओतण्यातही शहाणपण नाही. फिरत्या दांड्याने ते घुसळले जाऊन फेस होतो आणि फेसाचे वंगण नीट होत नाही. तेल काळे दिसले म्हणून मात्र घाबरू नये. डिझेल इंजिनात नवे तेलही लवकरच काळे होते, कारण काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. ते कधी बदलायचे हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते.

इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा वेगळा. तो स्थिर असेल तर सावकाश जाऊन गाडी दाखवून घ्यावी. लुकलुकत असेल तर इंधन नीट जळत नाही. वेग कमी करावा.

आता पाण्याचे पाहू. मुरबाडवरून माळशेज घाट चढताना जुन्या गाड्या टोपण उघडून वाफ सोडत उभ्या असलेल्या अनेकांनी पाहिल्या असतील. रेडिएटरचे झाकण प्रेशर कुकरसारखे काम करते. दाबामुळे आतले पाणी १०० अंश सेल्सिअसच्या वर जाऊनही उकळत नाही. कुलंट मिसळले की उत्कलनबिंदू आणखी वाढतो, शिवाय गंज टळतो. पण गरम असताना झाकण उघडले तर दाब एकदम उतरतो आणि उकळते पाणी अंगावर उसळते. म्हणून इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत झाकणाला हात लावू नये.

उष्णता मोजणारे उपकरणही या पाण्यातच बुडालेले असते. पाणी गळून गेले की ते उघडे पडते आणि काटा कधीकधी चक्क खाली येतो. घाटात वाफ येऊन गेल्यावर काटा असा एकाएकी उतरला, तर इंजिन थंड झाले असे समजू नका. पाणीच संपले असण्याची शक्यता अधिक.