छायाचित्रातील प्रयोजक कर्ता

सुधारक ओलवे यांनी १९९९ च्या सुमारास मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांची छायाचित्रे घेण्यास प्रारंभ केला. त्यांत गटारात उतरलेला मनुष्य दिसतो. त्याला उतरविणारा दिसत नाही. भाषेत 'उतरणे' या क्रियापदाचे 'उतरविणे' असे प्रयोजक रूप होते. छायाचित्रास तशी सोय नाही. ती उणीव चित्राखालच्या ओळीने भरून काढावयाची असते. १९०८ पासून अमेरिकेतील बालमजुरांची चित्रे घेणारे लुईस हाइन मुलाचे वय, काम, गिरणी यांची टिपणे ठेवीत. ती चित्रे पुरावा ठरली ती त्यामुळे. आपल्याकडील २०१३ च्या कायद्यानेही संरक्षक साधनांविना गटारात उतरणाऱ्यास नव्हे, तर उतरविणाऱ्यास दोषी धरले आहे. वृत्तपत्री चित्राखाली मात्र बहुधा एवढेच छापलेले असते : 'गटारात उतरलेला कामगार'.