दोन वर्षांच्या मावळ्यांचा किल्ला

दिवाळी जवळ आली की आपल्याला अंगणातला किल्ला आठवतो. कोपरापर्यंत चिखलाने बरबटलेले हात, उतारावर पेरलेले अळीव आणि सिंहासनावर महाराज. इकडे अमेरिकेत त्या दिवसांत बऱ्याच ठिकाणी गारठा, आणि अपार्टमेंटमध्ये अंगण कुठले! पण दीड ते तीन वर्षांच्या मुलाला इतिहास कळत नसला तरी गार, ओले, मऊ, बुळबुळीत हे सारे त्याच्या हातांना कळते. म्हणून किल्ला घरातच करावा. मात्र या वयात हातातली वस्तू तोंडात जाणारच, हे धरून साहित्य निवडावे.

हा धडा आम्हाला महागात पडला. एका दिवाळीत नातवाला खेळायला परातीत हरभरे दिले आणि मी फोन घ्यायला वळले. तेवढ्यात एक हरभरा त्याच्या नाकात गेला. कोरडे कडधान्य ओलाव्याने फुगते, त्यामुळे घरी काढायच्या फंदात न पडता इमर्जन्सी रूम गाठली. डॉक्टरांनी तो चटकन काढला. बिल मात्र दिवाळीच्या साऱ्या खरेदीहून मोठे आले.

डोंगर : वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी परातीत एक मोठे पातेले उपडे घालावे. त्यावर ओल्या कापसाचा थर देऊन अळीव पसरावेत. भारतीय दुकानात ते ‘हलीम’ किंवा ‘असालियो’ नावाने मिळतात. खाण्याचेच घ्यावेत, बागेसाठीच्या बियांना कधी कधी औषध लावलेले असते. भिजलेले अळीव कसे गिळगिळीत लागतात ते मुलाला बोटाने पाहू द्यावे. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडणे हे त्याचे काम. दोन-तीन दिवसांत मोड येतात आणि दिवाळीपर्यंत डोंगर हिरवा होतो.

बुरूज : माती म्हणून घराभोवतालची उकरून आणू नये. १९७८ सालापूर्वीच्या घरांचा रंग शिसेयुक्त असू शकतो आणि तो झडून भिंतीलगतच्या मातीत मिसळतो. कच्ची कणीकही नको. कच्च्या पिठातून २०१६, २०१९ आणि २०२३ साली अमेरिकेत आजाराच्या साथी आल्या होत्या. मीठ घालून केलेला गोळा पोटात गेला तर लहान मुलाला मिठाचीच बाधा होऊ शकते. त्यापेक्षा मोदकासाठी काढतो तशी तांदळाच्या पिठाची उकड काढावी, ती पुन्हा चांगली वाफवून पूर्ण थंड करावी. थोडा बीटचा किंवा उकडलेल्या पालकाचा रस घालून मळावी. तिचे बुरूज, पायऱ्या मुलानेच थापाव्यात. वाकडे झाले तरी आपण सरळ करू नयेत! खेळ संपला की उकड टाकून द्यावी, दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये.

मावळे : टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून जी वस्तू आरपार जाते, ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती देऊ नये. लहान मावळे आणि महाराज उंच फडताळावर बसवावेत. कुंकू आणि सिंदूरही खेळात नको. काही सिंदुरांत शिसे आढळले आहे.

पणत्या : तेलाच्या ज्योतीपेक्षा बॅटरीची पणती सुरक्षित, असे आपल्याला वाटते. पण त्यातल्या बऱ्याच पणत्यांत बटणासारखी चपटी बॅटरी असते. ती गिळल्यास अन्ननलिका दोन तासांतही गंभीर भाजू शकते. झाकण स्क्रूने बंद होणाऱ्याच पणत्या घ्याव्यात, त्याही मुलाच्या हाताबाहेर ठेवाव्यात. बॅटरी गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवू नये, वाट न पाहता तडक इमर्जन्सी रूम गाठावी. दुसरे काही पोटात गेल्यास पॉयझन कंट्रोलचा १-८००-२२२-१२२२ हा नंबर दिवसरात्र चालतो. तो फ्रिजवर लावून ठेवावा.

या साऱ्याला खर्च फार तर अळीवांच्या पुडीचा. लागतात ती आपली पंधरा-वीस मिनिटे, आणि तेवढा वेळ फोन दुसऱ्या खोलीत. हात चालू असताना गार, ओले, मऊ, बुरूज, मावळा हे शब्द मुलाच्या कानावर पडत राहू द्यावेत. पुढच्या दिवाळीत तेच शब्द त्याच्या तोंडून ऐकू येतील.

आपणा सर्वांना, आणि घरोघरच्या छोट्या किल्लेदारांना, दिवाळीच्या शुभेच्छा!