हाले ते तंजावर : श्रद्धा, वैद्यक आणि सेवेचा एक प्रवास

तंजावरच्या एका जुन्या चर्चमध्ये संगमरवरात कोरलेले एक शिल्प आहे. मृत्युशय्येवर एक वृद्ध पाद्री पहुडला आहे आणि त्याच्याजवळ एक तरुण भारतीय राजा उभा आहे. पाद्री आहेत जर्मन ल्युथरन मिशनरी ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ आणि राजे आहेत तंजावरचे मराठी अधिपती सरफोजी भोसले (दुसरे). श्वार्ट्झ यांचे १७९८ मध्ये निधन झाले आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले. आपल्या या गुरूचे स्मारक त्यांनी प्रसिद्ध इंग्रज शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून घडवून घेतले. सरफोजींनी स्वतः धर्मांतर केले नाही. ते अखेरपर्यंत हिंदूच राहिले. गुरूकडून त्यांनी घेतले ते दुसरेच काही, आणि त्याचा उगम शोधायचा तर जर्मनीतील हाले या शहरात जावे लागते.

हालेचे विद्यापीठ १६९४ मध्ये स्थापन झाले. तेथील प्राध्यापक आणि जवळच्या ग्लाउखा वस्तीचे पाद्री ऑगस्ट हेरमान फ्रांके यांना १६९५ मध्ये आपल्या दानपेटीत चार थालर आणि सोळा ग्रोशन एवढी रक्कम सापडली. तेवढ्या भांडवलावर त्यांनी गरीब मुलांसाठी शाळा काढली. १६९८ मध्ये अनाथाश्रमाच्या भव्य इमारतीची पायाभरणी झाली आणि १७२७ मध्ये फ्रांके वारले तेव्हा त्यांच्या शाळांतून दोन हजारांहून अधिक मुलेमुली शिकत होती. फ्रांके हे ‘पायटिझम’ या ल्युथरन भक्तिपंथाचे अग्रणी होते. श्रद्धा खरी असेल तर ती कृतीत दिसलीच पाहिजे, हा या पंथाचा आग्रह.

परंतु कृतीला पैसा लागतो, आणि हालेचे वेगळेपण इथेच आहे. विद्यापीठातील गरीब विद्यार्थ्यांना अनाथाश्रमाच्या भोजनगृहात मोफत जेवण मिळे. त्याच्या बदल्यात ते आश्रमाच्या शाळांत रोज काही तास शिकवत. विद्यार्थ्याचे पोट भरे, शाळेला शिक्षक मिळे. आपल्याकडच्या वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यांची आठवण होईल, पण येथे जेवणाच्या मोबदल्यात काम ठरलेले होते. आश्रमाचे औषधालय तर मोठे उत्पन्नाचे साधन बनले. आश्रमाचे वैद्य ख्रिश्चन फ्रेडरिक रिश्टर यांनी तयार केलेला सोन्याचा एक अर्क आणि इतर औषधे रशियापासून अमेरिकेपर्यंत जात. सर्व रोगांवर चालणारा सुवर्ण-अर्क आजच्या कसोटीला उतरणार नाही, हे उघड आहे. तरीही शेकडो अनाथ मुलांच्या अन्नवस्त्राचा भार बराचसा त्याच्या विक्रीवर चाले.

विद्यापीठाच्या वैद्यक विभागात त्या वेळी दोन थोर प्राध्यापक होते आणि त्यांचे एकमेकांशी पटत नसे. फ्रेडरिक होफमान यांच्या मते शरीर हे यंत्रासारखे आहे. गेओर्ग एर्न्स्ट श्टाल यांच्या मते शरीराचा कारभार आत्मा चालवतो. पायटिस्ट मंडळींना श्टाल यांचे म्हणणे अधिक जवळचे वाटणे स्वाभाविक होते. श्टाल यांच्याच विचाराचे योहान युंकर अनाथाश्रमाचे वैद्य झाले आणि त्यांनी १७१७ च्या सुमारास तेथे एक नवी पद्धत सुरू केली. गरीब रुग्णांना सल्ला आणि औषध विनामूल्य द्यायचे, आणि विद्यार्थ्यांनी गुरूच्या देखरेखीखाली त्यांना तपासायचे. वैद्यकाचे शिक्षण तोवर मुख्यतः ग्रंथवाचन आणि व्याख्यानांवर चाले. रुग्णासमोर बसून शिकवण्याची जर्मन भूमीवरील ही सर्वात आरंभीची व्यवस्था मानली जाते. आज कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जे चालते, त्याचे बीज येथे दिसते. गरिबांवर मोफत उपचार होतात आणि त्यांच्याच शरीरावर नवे डॉक्टर शिकतात, ही त्यामागची अवघडलेली देवाणघेवाणही.

हालेच्या श्रद्धेला काही भिंती होत्या. तत्त्वज्ञ ख्रिश्चन वोल्फ यांनी १७२१ मध्ये एका व्याख्यानात चिनी लोकांच्या नीतिविचाराची प्रशंसा केली. धर्मशास्त्राच्या प्राध्यापकांशी त्यांचा वाद वाढत गेला आणि १७२३ मध्ये राजाने त्यांना ४८ तासांत राज्य सोडण्याचा, अन्यथा फाशीचा हुकूम काढला. १७४० मध्ये गादीवर आलेल्या फ्रेडरिक दुसऱ्याने त्यांना परत बोलावले.

याच फ्रेडरिकच्या परवानगीने एका स्त्रीलाही हालेत पदवीची वाट मोकळी झाली. क्वेडलिनबुर्गच्या डोरोथेआ एर्क्सलेबेन या वैद्याच्या कन्या. वडिलांकडूनच त्या वैद्यक शिकल्या. १७४१ मध्ये राजाची अनुमती मिळाली, पण पुढच्याच वर्षी त्यांनी एका विधुर धर्मोपदेशकाशी विवाह केला. पतीची आधीची मुले, मग स्वतःची चार; संसारात पदवी लांबणीवर पडली, रुग्णसेवा मात्र चालू राहिली. त्याच १७४२ मध्ये स्त्रियांना उच्च शिक्षणापासून दूर ठेवणाऱ्या कारणांची चिकित्सा करणारे त्यांचे पुस्तकही प्रसिद्ध झाले. १७५३ मध्ये गावातील तीन डॉक्टरांनी त्यांच्यावर भोंदू वैद्यकीचा आरोप केला. तेव्हा त्यांनी परीक्षा देऊनच उत्तर दिले. मे १७५४ मध्ये युंकर यांच्यापुढे लॅटिन भाषेत ही परीक्षा झाली आणि जूनमध्ये त्यांना डॉक्टरकी मिळाली. जर्मनीत ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. रोग्याला झटपट आणि सुखद आराम देण्याच्या हव्यासाने होणारे उपचार अनेकदा धोक्याचे ठरतात, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. तो आजही शिळा वाटत नाही. प्रशियाच्या विद्यापीठांची दारे स्त्रियांसाठी रीतसर उघडली ती मात्र १९०८ मध्ये.

हालेचा भारताशी संबंध याआधीच जुळला होता. तेथे शिकलेले बार्थोलोमेउस झिगेनबाल्ग १७०६ मध्ये डेन्मार्कच्या राजाच्या आश्रयाने तरंगमबाडीत, म्हणजे तेव्हाच्या त्रांकेबारमध्ये उतरले. १७३० मध्ये हालेने तेथे पहिला डॉक्टर पाठवला. तो आल्यानंतर थोड्याच काळात वारला. तिकडून हालेकडेही ज्ञान जात होते. योहान एर्न्स्ट ग्रुंडलर या मिशनऱ्याने १७११ मध्ये तमिळ वैद्यकाची माहिती संकलित करून पाठवली. ती छापली न जाता हस्तलिखितातच राहिली. परक्या वैद्यकाची जिज्ञासा मिशनऱ्याला होती. ते युरोपात पसरवण्याची घाई हालेला नव्हती.

श्वार्ट्झ हेही हालेचेच विद्यार्थी. तमिळ बायबलच्या छपाईच्या निमित्ताने त्यांनी तेथेच तमिळचे धडे घेतले आणि १७५० मध्ये ते भारतात आले. पुढे तंजावरचे राजे तुळजाजी यांनी आपल्या दत्तकपुत्राची, म्हणजे बाल सरफोजींची काळजी त्यांच्यावर सोपवली. राजवाड्यातील सत्तास्पर्धेत मुलाच्या शिक्षणाची आबाळ होऊ लागली, तेव्हा श्वार्ट्झ यांच्या प्रयत्नाने सरफोजी मद्रासला गेले आणि तेथे त्यांचे शिक्षण झाले.

गादीवर आल्यावर सरफोजींनी धन्वंतरी महाल उभारला. तेथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे जाणकार एकत्र काम करीत. पारखून घेतलेल्या औषधयोगांचे तमिळ पद्यात संकलनही राजाश्रयाने झाले. ते ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने ओळखले जाते. सरफोजींना नेत्रचिकित्सेत विशेष रस होता. सरस्वती महाल ग्रंथालयात नेत्ररुग्णांच्या नोंदी अजून जपून ठेवल्या आहेत. रुग्णाची तक्रार, डोळ्याची अवस्था आणि केलेले उपचार त्यांत लिहिलेले आहेत. काहींसोबत रोगग्रस्त डोळ्यांची चित्रेही आहेत.