परदेशी मासिकाचा देशी अवतार

ग्रंथाची नवी आवृत्ति म्हणजे तोच मजकूर पुन्हां छापणें, हें आपणांस ठाऊक आहे. मासिकांच्या व्यापारांत मात्र या शब्दाचा अर्थ निराळा आहे. परदेशी मालक आपलें नांव, मांडणी व कांहीं मजकूर वापरण्याचा परवाना देतो; येथील प्रकाशक त्याचा मोबदला भरतो आणि उरलेलीं पानें देशी लेखक, देशी नट व देशी जाहिराती यांनीं भरतो. मूल आपलें, नांव परक्या घराचें, असें हें एक दत्तकविधानच होय.

२००२ सालीं केंद्र सरकारनें बातम्यांखेरीज अन्य विषयांच्या नियतकालिकांत ७४ टक्क्यांपर्यंत परकीय भांडवलास मुभा दिली; पुढें ती १०० टक्क्यांवर गेली. त्यानंतर २००६ सालीं 'मॅक्झिम', २००७ सालीं 'मेन्स हेल्थ' व २००८ सालीं 'जीक्यू' या पुरुषांच्या मासिकांच्या भारतीय आवृत्त्या निघाल्या. तिन्ही इंग्रजींत.

असें कां व्हावें? 'जीक्यू'चें मूळ पाहिलें म्हणजे उलगडा होतो. १९३१ सालीं अमेरिकेंत 'अपॅरल आर्ट्स' या नांवानें तें कापड-दुकानदारांसाठीं निघालें. गिऱ्हाइकेंच तो अंक उचलून नेऊं लागलीं, तेव्हां त्याच मंडळींनीं १९३३ सालीं 'एस्क्वायर' काढलें. तात्पर्य, या मासिकांची नाळ कपड्याच्या व्यापाराशीं जुळलेली आहे. वाचकाच्या वर्गणीपेक्षां जाहिरातदाराच्या पैशावर तीं जगतात, आणि जाहिरातदार महाग वस्तु घेणारें गिऱ्हाइक शोधतो. तें इंग्रजी वाचणाऱ्यांत सांपडेल असा त्याचा हिशेब असतो.

आमच्या तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत सूटिंगचें कापड विणलें जातें. तें विणणारा बोईसरचा तरुण मात्र या हिशेबांत बसत नाहीं. त्याच्या हातचें कापड त्या पानांवर शोभेल; त्याची भाषा तेथें नाहीं.

केवळ नांवाचेंहि ओझें केवढें असतें, तें इंडोनेशियांत दिसलें. २००६ सालीं तेथें 'प्लेबॉय'ची आवृत्ति नग्न चित्रें वगळून निघाली. तरीहि कचेरीवर हल्ला झाला. संपादकास २०१० सालीं तुरुंगांत जावें लागलें. २०११ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें त्यास मुक्त केलें.

मराठींत दुसरी वाटहि होती. १९२० सालीं किर्लोस्करवाडीच्या कारखान्यांतून 'किर्लोस्कर खबर' निघालें. तें कारखान्याचें मुखपत्र होतें. त्यासहि आपला माल खपवावयाचा होता. परंतु पुढें 'किर्लोस्कर' या नांवानें तें घरोघर पोंचलें आणि उद्योग व स्वावलंबन यांची गोष्ट मराठी मनुष्याशीं मराठींत बोलूं लागलें. कारखान्यांच्या वस्तींतून वाङ्मय निघूं शकतें, याचा हा पुरावाच नव्हे काय?

पुरुषानें कसें दिसावें, काय ल्यावें, शरीर कसें कमवावें, हे प्रश्न पालघरच्या मुलासहि पडतातच. त्यांचीं उत्तरें आपण घरीं दिलीं नाहींत, तर तो तीं विकणाऱ्याकडून घेईल. म्हणून अशा मासिकाचा अंक मुलाच्या हातीं दिसला, तर तो हिसकावूं नये. त्याच्याशेजारीं बसून इतकेंच विचारावें, "बाळ, यांतलें कोणतें पान सल्ल्याचें आणि कोणतें जाहिरातीचें, सांग पाहूं?" हा भेद ज्यास उमगला, त्यास कोणत्याहि देशाची आवृत्ति वाचावयास हरकत नाहीं.