आखूड पाय व उंच टाच

एखादा मुलगा कवायतीच्या वेळीं एक गुडघा वांकवून उभा राहतो. एखाद्या मुलीच्या परकराची कड एका बाजूस जमिनीला लागते. शिक्षक "नीट उभे राहा" म्हणून बजावतात, घरीं आईबाप चालण्याच्या वळणावरून रागें भरतात आणि सोबती टोपणनांव ठेवून मोकळे होतात. पुष्कळदां ह्या मुलांचा कांहींएक अपराध नसतो. त्यांचा एक पाय दुसऱ्याहून आखूड असतो, आणि तें कोणीं मापून पाहिलेलें नसतें.

दोन्ही पाय तंतोतंत सारखे अशीं माणसें थोडींच. चार-पांच मिलिमीटरांचा फरक पुष्कळांच्या ठायीं असतो व तो जन्मभर कळतही नाहीं. जमैकाचा धांवपटु उसेन बोल्ट ह्यानें २००९ सालीं बर्लिन येथें १०० मीटरांची शर्यत ९.५८ सेकंदांत जिंकली; त्याचा उजवा पाय डाव्याहून सुमारें अर्धा इंच आखूड असल्याचें प्रसिद्ध आहे. तेव्हां लहानशा फरकानें घाबरून जाण्याचें कारण नाहीं. फरक दोन सेंटिमीटरांच्या वर गेला, अथवा त्यामुळें लंगडणें, पाठदुखी किंवा थकवा जाणवूं लागला, म्हणजे मात्र उपाय पाहावा.

हा फरक कोठून येतो? कांहींस तो जन्मतःच असतो. मुलांच्या लांब हाडांच्या टोंकांशीं कूर्चेचा एक पातळ थर असतो व हाडाची लांबी तेथेंच वाढते. हाड मोडतांना ह्या थरास इजा झाली, किंवा हाडांत पू झाला, तर त्या पायाची वाढ खुंटते. मागील पिढ्यांत पोलिओनें असंख्य मुलांचे पाय असे आखूड केले. भारतांत नैसर्गिक विषाणूच्या पोलिओचा शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्यें आढळला व २०१४ सालीं देश त्या रोगापासून मुक्त ठरला. परंतु त्याच्या खुणा वागविणारे वडील माणसें आजही आपल्यांत आहेत.

टेबलाचा एक पाय आखूड असला तर आपण त्याखालीं लांकडाची चकती सरकवितों. बुटांतील उंचवट्याचें तत्त्व हेंच. त्यानें हाड तसूभरही वाढत नाहीं. जमीन तेवढी त्या पायापाशीं वर येते. कंबर समतल झाली म्हणजे तिला सांवरण्यासाठीं कण्यास एका अंगास वांकावें लागत नाहीं, व दुसऱ्या पायास गुडघा मोडून उभें राहावें लागत नाहीं.

परंतु चकती किती जाड, हें अंदाजानें ठरवूं नये. वैद्य कंबरेच्या पुढील हाडाच्या टोंकापासून घोट्याच्या आंतील हाडापर्यंत फितीनें माप घेतात. नंतर आखूड पायाखालीं ठराविक जाडीच्या फळ्या ठेवीत कंबर केव्हां समतल होते तें पाहतात. जरूर तर उभ्यानें क्ष-किरण चित्र काढतात. कधीं कधीं हाडें सारखींच असतात, पण आंखडलेल्या स्नायूंमुळें किंवा वांकड्या कण्यामुळें एक पाय आखूड भासतो. तेथें उपाय मूळ दोषावर करावयाचा असतो; उगाच उंचवटा घातल्यास अपाय होण्याचाच संभव.

सुमारें एक सेंटिमीटरापर्यंतचा उंचवटा बुटाच्या आंत टांचेखालीं मावतो. त्याहून जाड असला तर टांच बुटांतून निसटूं लागते. मग बुटाच्या तळासच हलक्या रबराचा थर लावून घ्यावा लागतो. तो केवळ टांचेखालीं न लावतां सबंध तळास लावावा व बोटांकडे उतरता ठेवावा. नाहीं तर पाऊल सदा उतारावर राहून पोटरी आंखडते. उंची एकदम न वाढवितां थोडथोडी वाढवावी, म्हणजे शरीर तिला सरावतें. बहुधा पूर्ण फरक भरून काढण्याची गरजही पडत नाहीं. आपल्याकडे घरांत अनवाणी वावरण्याची चाल आहे. म्हणून शाळेच्या बुटाप्रमाणें घरच्या चपलेसही तोच थर लावून घेणें हितावह.

वाढत्या मुलाचें माप एकदां घेऊन भागत नाहीं. आज दोन सेंटिमीटर असलेला फरक पुढें अधिक होऊं शकतो. ह्यास्तव दर सहा महिन्यांनीं वा वर्षानें तें पुन्हां घ्यावें. मोठ्या फरकावर लांब पायाची वाढ योग्य वेळीं थांबविणारी शस्त्रक्रिया आहे. पण ती वाढ शिल्लक असेपर्यंतच उपयोगी, आणि मुलींची वाढ साधारण चौदाव्या व मुलांची सोळाव्या वर्षाच्या सुमारास संपत येते. फरक पांच सेंटिमीटरांच्या पलीकडे असला तर आखूड हाडच लांब करण्याचा विचार करतात. रशियांतील डॉ. इलिझारोव्ह ह्यांनीं प्रसिद्धीस आणलेल्या पद्धतींत तें दिवसास सुमारें एक मिलिमीटर ह्या गतीनें लांबवितात. ह्या उपायास महिनेच्या महिने लागतात.

कित्येक आईबाप, विशेषतः मुलींच्या बाबतींत, हा दोष लोकांस कळूं नये म्हणून वैद्याकडे जाण्याचेंच टाळतात. लपविण्यांत गेलेलीं हीं वर्षें वाढीचींच असतात. तीं परत येत नाहींत. डोळ्यांस चष्मा लावण्यांत जर कमीपणा नाहीं, तर एका बुटाचा तळ जाड असण्यांत कसला? आमच्या बालवाचकांस आमचें इतकेंच सांगणें कीं, सोबत्याच्या बुटाकडे बोट दाखवूं नका. आणि पालकांस विनंति कीं, मुलास रागें भरण्यापूर्वीं एकदां त्याचे पाय मापवून घ्या.