मालमोटार एक, वाटेकरी अनेक



गावातल्या चारपाच जणांनी मिळून एक मालमोटार ठरवली आणि बाजारच्या गावी माल नेला, की भाड्याचा प्रश्न उभा राहतोच. भाडे एक, पण माल निरनिराळा. कापसाची गाठोडी वजनाला हलकी, पण अर्धी गाडी व्यापतात. ज्वारीची पोती जागा थोडी घेतात, पण गाडीचे पाटे दाबतात. कुणी वीस पोत्यांची जागा अडवतो आणि ऐन वेळी पाचच पोती आणतो. अशा वेळी भाडे नुसती डोकी मोजून वाटले, तर कुणावर तरी अन्याय होणारच. आज आपल्याला असाच एक हिशेब पाहायचा आहे. त्यात मालमोटारीच्या जागी संगणक आहे, एवढेच.

‘क्लाउड’ हा शब्द तुमच्या कानावर आला असेल. क्लाउड म्हणजे ढग खरा, पण हे संगणक काही आभाळात नसतात. मोठ्या कंपन्या हजारो संगणक थंड ठेवलेल्या इमारतींत मांडतात आणि भाड्याने देतात. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुण्याकडे आणि ॲमेझॉनने २०१६ साली मुंबईकडे अशी केंद्रे सुरू केली. या यंत्रांवर चालवायचा प्रोग्रॅम त्याला लागणाऱ्या सगळ्या साहित्यासह एका बंद पेटीत घालतात. तिला म्हणतात कंटेनर. अशा पेट्या वाहणाऱ्या यंत्रांचा ताफा म्हणजे क्लस्टर. कोणती पेटी कोणत्या यंत्रावर ठेवायची, हे ठरवण्यासाठी कुबरनेटीस नावाची व्यवस्था फार वापरतात. गूगलने ती २०१४ साली सर्वांसाठी खुली केली. हा शब्द मूळचा ग्रीक. अर्थ, सुकाणू धरणारा.

आता अडचण कुठे येते, ते पाहा. महिनाअखेर बिल येते ते मुख्यतः यंत्रांचे. त्यात कोणत्या पेटीने किती खाल्ले, हे सहसा नसते. शिवाय पेट्या एका जागी थांबत नाहीत. एखादी दहा मिनिटे चालते नि संपते; दुसरी या यंत्रावरून त्या यंत्रावर जाते. गाडी रिकामी झाल्यावर कुणाचा माल कुठे होता हे कसे कळणार? म्हणून नोंद चालू वेळेतच ठेवावी लागते.

एक उदाहरण घेऊ. आकडे सोयीसाठी मानलेले आहेत. एका शिक्षणसंस्थेने ४ कोअर आणि १६ जीबी मेमरीचे एक यंत्र घेतले. भाडे तासाला १६ रुपये. कोअर म्हणजे हिशेब करणारे हात, आणि मेमरी म्हणजे काम पसरायची जागा. निम्मे भाडे कोअरचे व निम्मे मेमरीचे धरले, तर एक कोअर २ रुपयांना पडतो आणि एक जीबी ५० पैशांना.

निकाल विभागाने २ कोअर आणि ४ जीबी राखून ठेवले. प्रत्यक्षात वापरले अर्धा कोअर आणि २ जीबी. ग्रंथालयाने अर्धा कोअर आणि ३ जीबी मागितले. वापरले अर्धा कोअर आणि ४ जीबी. इथे नियम असा, की राखलेले आणि वापरलेले यांपैकी जे जास्त, त्याचा आकार लावायचा. कारण राखलेली जागा दुसऱ्याला मिळत नाही. या नियमाने निकाल विभागाचे झाले ४ अधिक २, म्हणजे ६ रुपये. ग्रंथालयाचे १ अधिक २, म्हणजे ३ रुपये. उरलेले ७ रुपये कुणाचेच नाहीत. ते रिकाम्या जागेचे.

आता कल्पना करा, चालकांनी बिल सरळ दोघांत निम्मे वाटले. ग्रंथालयाच्या नावावर ८ रुपये पडतील, आणि सभेत कुणीतरी म्हणेल, ‘खर्च फार होतो, ग्रंथालय बंद करा.’ खेड्यातल्या मुलांची पुस्तके बंद होतील. आणि दोष होता रिकाम्या जागेचा!

म्हणून रिकाम्या जागेचा खर्च वेगळा दाखवावा. पुढे तो वाटायचाच असेल, तर कोणत्या प्रमाणात, हे आधी सर्वांनी मिळून ठरवावे. ही मोजदाद करणारी ओपनकॉस्ट नावाची खुली प्रणाली २०२२ पासून उपलब्ध आहे. पण प्रत्येक पेटीवर तिच्या मालकाची चिठ्ठी लावण्याचे काम माणसांनाच करावे लागते. पोत्यावर नाव नसेल, तर हमाल तरी काय करील? पेटी संपल्यावरही मागे राहिलेली साठवणाची जागा आणि बाहेर पाठवलेल्या माहितीचा आकार, हेही हिशेबात धरायला विसरू नये.

निकाल विभागाने आपली मागणी १ कोअर आणि ३ जीबी केली, तर त्याचा आकार साडेतीन रुपये होईल. पण संस्थेचे भाडे कमी होईल का? नाही. गाडी तीच आहे, रिकामी जागा तेवढी वाढली. आता दोघांची गरज दीड कोअर आणि ७ जीबी आहे. ती २ कोअर, ८ जीबीच्या लहान यंत्रात, थोडी जागा राखून, बसते. त्याचे भाडे तासाला ८ रुपये धरा. यंत्र बदलले, तर तीस दिवसांत ५,७६० रुपये वाचतात.

मात्र काटकसर बेताने करावी. कोअर कमी पडला, तर प्रोग्रॅम रेंगाळतो. पण मेमरीची मर्यादा ओलांडली, तर व्यवस्था तो बंदच करते. निकालाच्या दिवशी हे घडले, तर हजारो मुले ताटकळत बसतील. अशा दिवसापुरती जादा यंत्रे घ्यावीत आणि काम संपताच परत करावीत.

शिक्षक बंधुभगिनींनो, हे गणित उद्या फळ्यावर मांडा. मग मुलांना विचारा, की रिकाम्या जागेचे ७ रुपये कोणी द्यावेत, आणि का? उत्तरे एकसारखी येणार नाहीत. प्रत्येकाला आपले कारण मात्र सांगायला लावा.