इंडी आजोबांची शेवटची मोहीम

दोस्तांनो, जरा हे दृश्य डोळ्यांसमोर आणा. घनदाट जंगलातली जुनाट गुहा. चौथऱ्यावर सोन्याची छोटीशी मूर्ती. एक माणूस दबकत दबकत पुढे येतो. डोक्यावर तपकिरी हॅट, कमरेला चाबूक. झटकन तो मूर्ती उचलतो आणि तिच्या जागी वाळूची पिशवी ठेवतो. वाटतं, जमलं! पण कसलं काय! चौथरा खचतो, भिंती कोसळू लागतात आणि मागून घरंगळत येतो भलामोठा गोल दगड. हा पुढे, दगड मागे!

ओळखलंत ना? हाच तो डॉ. हेन्री जोन्स ऊर्फ इंडियाना जोन्स. कॉलेजात पुरातत्त्वशास्त्र शिकवणारा, पण वर्गापेक्षा गुहांमध्येच जास्त रमणारा प्राध्यापक. कुणालाही न घाबरणारा हा गडी सापाला मात्र जाम घाबरतो, बरं का!

याच्या जन्माची गोष्टही मजेदार आहे. १९७७ साली जॉर्ज लुकास आणि स्टीव्हन स्पिलबर्ग हे दोघे दोस्त हवाई बेटांवर सुटीवर गेले होते. तिथे गप्पा मारता मारता हा नायक ठरला. आणि ‘इंडियाना’ हे नाव कुणाचं होतं, माहीत आहे? लुकास यांच्या कुत्र्याचं!

पहिला चित्रपट आला १९८१ मध्ये. दुसरा १९८४ मध्ये, तिसरा १९८९ मध्ये. तिसऱ्यात इंडीचे वडील झालेले शॉन कॉनरी हे इंडी झालेल्या हॅरिसन फोर्ड यांच्याहून फक्त १२ वर्षांनी मोठे होते. तरी बाप-लेकांची जोडी अशी काही जमली की विचारू नका. शेवटी सगळे घोड्यांवर बसून मावळत्या सूर्याकडे दौडत जातात. गोष्ट संपली, असंच सगळ्यांना वाटलं.

हे तीन चित्रपट आज पुन्हा पाहिले की एक गंमत होते. लहानपणी न दिसलेलं काहीतरी दिसतं. दुसऱ्या चित्रपटाचंच घ्या. गोष्ट घडते भारतात, पण भारताचं बरंचसं चित्रीकरण झालं श्रीलंकेत. कारण आपल्या सरकारला पटकथेतल्या बऱ्याच गोष्टी खटकल्या होत्या. त्यातला टकलू खलनायक मोलाराम म्हणजे आपले अमरीश पुरी. काय दरारा! पण राजवाड्यातल्या मेजवानीत काय वाढतात? डोळ्यांचं सूप आणि माकडाचा मेंदू! आता तुम्हीच सांगा, आपल्याकडच्या कुठल्या पंगतीत असलं ताट मांडतात? कालीमातेच्या पूजेचंही असंच भयंकर चित्र रंगवलंय. आवडत्या चित्रपटातही अशा चुका असतात. त्या ओळखायच्या, बोलून दाखवायच्या आणि मग धावत्या खाणगाड्यांचा पाठलाग खुशाल टाळ्या वाजवत पाहायचा.

तिसऱ्या चित्रपटानंतर १९ वर्षांनी, म्हणजे २००८ मध्ये, चौथा चित्रपट आला. त्यात इंडी फ्रिजमध्ये लपून चक्क अणुस्फोटातून वाचतो! पुष्कळांना ते काही पटलं नाही. आणि मग २०२३ मध्ये आला पाचवा. तेव्हा फोर्ड ८० वर्षांचे होते. सुरुवातीच्या प्रसंगात संगणकाच्या करामतीने त्यांना तरुण केलंय. पण लगेच १९६९ साल येतं आणि दिसतो तो खुर्चीतच झोपी गेलेला म्हातारा इंडी. चंद्रावरून परतलेल्या अंतराळवीरांची मिरवणूक निघालीये, आणि जुन्या वस्तूंच्या या शिक्षकाकडे वर्गात कुणाचं लक्षही नाही. मुलगा युद्धात गेला, बायको दुरावली. पाहताना घशाशी आवंढा येतो.

हा चित्रपट तिकीटबारीवर अपेक्षेइतका चालला नाही. पाठलागही जरा लांबलेत. मग तो का पाहायचा? शेवटासाठी! (ज्यांना शेवट आधी कळायला नको, त्यांनी पुढच्या परिच्छेदावरून उडी मारा.)

इंडी एका प्राचीन यंत्राच्या साहाय्याने थेट इसवी सनापूर्वी २१२ मध्ये, आर्किमिडीजच्या सिराक्यूज शहरात पोचतो. ज्या काळाचा आयुष्यभर अभ्यास केला, तो समोर उभा! जखमी इंडी म्हणतो, मी आता इथेच राहणार. पण त्याची मानसकन्या हेलेना ऐकते थोडीच! ती त्याला एक ठोसा लगावते आणि घरी परत आणते. घरी कोण भेटायला येतं, ते मात्र पडद्यावरच पाहा.

त्या यंत्रामागे एक खरीखुरी वस्तू आहे. ग्रीसच्या अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेल्या जहाजातून १९०१ मध्ये दातेरी चाकांचं एक ब्राँझचं यंत्र वर आलं. ते २००० वर्षांहून जुनं आहे. त्याने सूर्य-चंद्राची स्थाने आणि ग्रहणं काढता येत. आज ते अथेन्सच्या संग्रहालयात आहे. काळात मागे मात्र ते कुणाला नेत नाही!

खरे पुरातत्त्वज्ञ चाबूक नाही, ब्रश वापरतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या संशोधकांनी घोड नदीकाठच्या इनामगावला १९६८ पासून वर्षानुवर्षं असंच अलगद खोदकाम केलं. ३००० वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं, रांजण, धान्याचे दाणे त्यांना मिळाले. ते त्या काळात राहायला गेले नाहीत. तो काळच त्यांनी आपल्यापर्यंत आणला.

इंडीला हेच शिकायला म्हातारपण यावं लागलं. जुन्यावर प्रेम करावं, पण राहावं आजच्यात, आपल्या माणसांत.

तेव्हा येत्या सुटीत आई-बाबांना घेऊन बसा. (पालकहो, पहिल्या दोन चित्रपटांत काही प्रसंग फार भयानक आहेत. लहानग्यांना दाखवण्याआधी स्वतः पाहून घ्या.) इंडी त्यांनी पहिल्यांदा कधी, कुणाबरोबर पाहिला, तेही विचारा. कदाचित चित्रपटाहून ती गोष्टच जास्त रंगेल!

आणि हो, शेवटचं दृश्य चुकवू नका. खिडकीबाहेर दोरीवर इंडीची हॅट वाळत टांगलेली असते. वाटतं, आता ती तिथेच राहणार. तेवढ्यात एक हात येतो आणि हॅट झटकन आत ओढून घेतो!